पॉलिमर क्ले उन्हात वाळत नाही

सूरजकुंडच्या मेळ्यामुळे फरीदाबादचं नाव हस्तकलेशी कायमचं जोडलं गेलं. १९८७ पासून तो भरतोय आणि २०१९ साली त्याचं थीम स्टेट महाराष्ट्र होतं. मेळा फिरून आलेल्या माणसाच्या डोक्यात हस्तकला म्हणजे माती, लाकूड, सूत, पितळ. त्यामुळे कुणाच्या कानात बोटाच्या पेराएवढं पुस्तक लोंबताना दिसलं आणि ‘क्लेचं आहे’ असं कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: ही माती कुठे मिळते?

पॉलिमर क्लेमध्ये माती नसते. ते पीव्हीसी आहे, म्हणजे नळाच्या पाइपांच्या जातकुळीतलं प्लास्टिक. त्याला लोण्यासारखं मऊ ठेवायला प्लास्टिसायझर नावाचा तेलकट द्रव, शिवाय रंग आणि थोडा भराव. जर्मनीत बाहुल्या करणाऱ्या केटे क्रूझ यांची मुलगी फिफी १९३९ च्या सुमारास अशा पदार्थाशी खटपट करत होती. पुढे त्यातूनच ‘फिमो’ बाजारात आलं. बाकीचे बहुतेक गैरसमज या जन्मकथेकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

पहिला गैरसमज उन्हाचा. शाडूचा गणपती वाळतो, कारण त्यातलं पाणी उडून जातं. इथे उडायला पाणीच नाही. फिमोला ११० अंश सेल्सिअस लागतात, स्कल्पी या दुसऱ्या ब्रँडला साधारण १३०. त्या उष्णतेत पीव्हीसीचे कण प्लास्टिसायझर शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात. फरीदाबादचा मे महिना कितीही भाजून काढत असला, तरी ४५ अंशांत हे होत नाही. होतं ते नुकसान: बाल्कनीत किंवा कुरिअरच्या गाडीत तापलेलं पाकीट अर्धवट शिजतं आणि मळायला घेतलं की भुगा होतो. म्हणून आमच्याकडे क्ले मागवायचं ते थंडीत. मोल्डइटसारखं दोन गोळे मळून करायचं क्ले मात्र हवेत घट्ट होतं, पण ते इपॉक्सी. घराणंच वेगळं.

दुसरा गैरसमज भीतीतून येतो. प्लास्टिक तापवायचं म्हटल्यावर विषारी धूर होणार, म्हणून लोक आच कमी ठेवतात आणि ओटीजी पाच-दहा मिनिटांत बंद करतात. असं कच्चं राहिलेलं पुस्तक पहिल्यांदा पडलं की दुभंगतं, आणि दोष क्लेला जातो. नीट भाजलेली दोन मिलिमीटरची पट्टी किंचित वाकते, तुटत नाही. धुराची भीती मात्र खोटी नाही. क्ले जळून काळं पडू लागलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि डोळे चुरचुरतात. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत बरीच तफावत असू शकते, तेव्हा आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. पाकिटावरचं तापमान आणि वेळ पाळा, खिडकी उघडी ठेवा. मायक्रोवेव्ह नको. आणि क्ले लाटलेलं लाटणं पुन्हा पोळ्यांना वापरू नका, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

आता पानं. ‘कागद ओव्हनमध्ये पेटेल’ असं म्हणतात. १३० अंशांना कागद पेटत नाही. खरी अडचण वेगळीच आहे: कच्च्या क्लेला टेकलेला कागद त्यातलं प्लास्टिसायझर ओढून घेतो आणि पानाच्या कडेला भज्याच्या कागदासारखा डाग पडतो. (फार चिकट क्ले सुधारायला आम्ही हेच मुद्दाम करतो, रात्रभर दोन कोऱ्या कागदांत दाबून ठेवतो.) म्हणून उघडणारं पुस्तक करायचं तर आधी फक्त क्लेचे पुठ्ठे भाजायचे. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. चार चिठोऱ्या मधोमध दुमडून एक जुडी, अशा पाच जुड्या शिवल्या की चाळीस पानं आणि चार मिलिमीटर जाडी होते. हा गठ्ठा कापडाच्या पट्टीने थंड पुठ्ठ्यांना चिकटवायचा. न उघडणारं पुस्तक सोपं. पिवळसर ठोकळ्याच्या तीन कडांवर पात्याने बारीक रेषा ओढायच्या, भाजल्यावर त्यांत तपकिरी अॅक्रिलिक भरून वरचा रंग पुसून घ्यायचा. हाताभरावरून कुणाला संशय येत नाही. लटकवायची कडी भाजण्याआधीच आत रोवा. आणि चकाकीसाठी नेलपॉलिश लावू नका, त्यातल्या द्रावकांनी पृष्ठभाग कालांतराने चिकट होतो. पाण्यावर आधारलेलं व्हार्निश घ्या.

‘अंगावर पुस्तक मिरवणं हे इन्स्टाग्रामचं खूळ’ हेही चूक. सोन्याच्या मीनाकारी वेष्टनातलं, कमरेला लटकवायचं सोळाव्या शतकातलं प्रार्थनापुस्तक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ग्लासगोच्या डेव्हिड ब्राइसने १९०० च्या सुमारास इंचभर कुराण छापलं, धातूच्या डबीत, झाकणाला भिंग बसवून. ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्सने लिहून ठेवलंय की औदा अबू तायी या अरब सरदाराने असलं ग्लासगोचं कुराण ताईत म्हणून १२० पौंडांना घेतलं होतं. मूळ किंमत अठरा पेन्स.

शेवटचा गैरसमज आपल्या मराठी गिऱ्हाइकांचा: एवढ्याशा मुखपृष्ठाला कोण विचारतंय? चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं सगळ्यांनाच हवी असतात. लेसर प्रिंट कच्च्या क्लेवर दाबलं की शाई उतरतेही छान. पण आपल्याकडे कलाकृतीचा कॉपीराइट कलाकाराच्या निधनानंतर साठ वर्षं टिकतो, आणि दलाल गेले १९७१ मध्ये. म्हणजे २०३१ संपेपर्यंत विक्रीसाठी छापायचं तर परवानगी हवी, मग प्रतिमा नखाएवढी का असेना. तोवर मुखपृष्ठ स्वतः रंगवा. माझ्या मते तेच जास्त खपतं.