वडिलांना सगळं ठाऊक असतं

न्यूयॉर्कमधला वाय-तुंग सुखवस्तू घरमालक आहे. तैवानमधल्या आईवडिलांचा एकच धोशा आहे, लग्न कर! फिजिओथेरपिस्ट सायमनबरोबर त्याने केव्हाच संसार मांडलाय, हे त्यांना सांगायचं कुणी? शेवटी सायमनच तोडगा काढतो. वाय-तुंगची भाडेकरू, शांघायची चित्रकार वेई-वेई हिला ग्रीन कार्ड हवंय, तिच्याशी कागदोपत्री लग्न उरकून टाकावं. बातमी कळताच आईवडील थेट न्यूयॉर्कला येऊन थडकतात. आँग ली यांचा ‘द वेडिंग बँक्वेट’ (१९९३) इथून रंगायला लागतो.

घरात एकच धावपळ उडते. वाय-तुंग आणि सायमनचे फोटो भिंतीवरून उतरतात आणि वडिलांच्या सुलेखनाच्या पट्ट्या लागतात. स्वयंपाक सायमन करतो, कौतुक वेई-वेईचं होतं. नोंदणी लग्न काही मिनिटांत आटोपतं, शपथ घेताना वेई-वेईचं इंग्रजी अडखळतं आणि आईला रडू आवरत नाही. मुलाचं लग्न आणि ना थाट, ना पंगत! मग ते जेवायला जातात त्या रेस्टॉरंटचा मालक वडिलांचा लष्करातला जुना ड्रायव्हर निघतो. साहेबांच्या मुलाची मेजवानी दणक्यात करायचा तो विडाच उचलतो. त्या रात्री पाहुणे नवदाम्पत्याच्या खोलीत घुसून जो धिंगाणा घालतात, त्यातून पुढचा सगळा गुंता होतो. वेई-वेईला दिवस जातात.

वरवर पाहता हा चिनी-अमेरिकी विसंवादाचा विनोद वाटतो. खरा संघर्ष मात्र एकाच घरातल्या, एकच भाषा बोलणाऱ्या माणसांत आहे. वडिलांना पक्षाघाताचा झटका येतो, तेव्हा मुलगा आईला सगळं सांगून टाकतो. ती हादरते आणि वडिलांना कळू देऊ नकोस, असं बजावते.

वडिलांना ते आधीच कळलेलं असतं. सायमनला एकट्याला गाठून ते त्याच्या हातात लाल पाकीट ठेवतात. सुनेला द्यावा तसा हा आहेर! आपल्याला इंग्रजी समजतं, हेही तेव्हाच उघड होतं. वर त्यांचीही अट असते, हे कुणाला सांगायचं नाही. हे खोटं आपण चालू दिलं नसतं तर नातवंडाचं तोंड दिसलं नसतं, हा त्यांचा हिशेब. ली यांचं मोठेपण इथे आहे. वडिलांचं प्रेम खरं आहे आणि त्यामागचा वंशाचा हट्टही खरा आहे. दोन्हींपैकी काहीही ली झाकत नाहीत. सीहुंग लुंग यांनी हा बाप फार थोड्या शब्दांत उभा केलाय.

दिग्दर्शनाची पहिली संधी मिळण्याआधी ली सहा वर्षं कामाची वाट पाहत होते, घर पत्नीच्या पगारावर चालत होतं. १९९० मध्ये तैवान सरकारच्या पटकथा स्पर्धेत त्यांच्या दोन पटकथांना बक्षिसं मिळाली, त्यातली एक हीच. सुमारे १० लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने दोन कोटी डॉलरहून अधिक कमाई केली, बर्लिनचं सुवर्ण अस्वल विभागून मिळवलं आणि ऑस्करचं नामांकनही पटकावलं.

चित्रपटानंतर काळही बदलला. २०१९ मध्ये समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देणारा तैवान हा आशियातला पहिला देश ठरला. २०२५ मध्ये अँड्र्यू आन यांनी ही गोष्ट सिएटलला नेऊन नव्याने मांडली. पण ज्यांनी दोन्ही पाहिलेले नाहीत, त्यांनी सुरुवात १९९३ च्या चित्रपटापासूनच करावी, आणि जमल्यास आईवडिलांना शेजारी बसवून.