गिटारवर चर्च कसं ऐकू येतं?

“दगडाची इमारत गिटारवर कशी काय वाजणार?” माझ्या संशोधनाचा विषय सांगितला की धुळ्यातले आमचे काका हमखास हे विचारतात. प्रश्न रास्त आहे. जुन्या मिशन चर्चवरून सुचलेलं गिटारचं संगीत, असं आपण सहज म्हणतो. पण कमानी, खांब, रंगीत काचा काही सुरांत दाखवता येत नाहीत. मग इमारतीतलं नेमकं काय संगीतात उतरतं?

सुरुवात आपल्या ओळखीच्या आवाजापासून करू. लग्नाचा बँड रस्त्यावर वाजतो तेव्हा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. तोच बँड मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये शिरला की सगळं एकमेकांत मिसळतं, शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. भिंती, फरशी आणि छत आवाज परत फेकतात, आणि पहिला विरायच्या आत दुसरा येऊन मिळतो. शाळेच्या विज्ञानात याला आपण ‘निनाद’ म्हणायचो. आवाज 60 डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो, तो निनादकाळ. 19व्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी त्याचं गणित बसवलं. जागेचं घनफळ जितकं मोठं तितका निनाद लांबतो; आवाज शोषणाऱ्या गोष्टी जितक्या जास्त तितका तो आखूड होतो. म्हणून खान्देशातल्या धाब्याच्या घरात, जिथे खोल्या लहान आणि भिंती-छत मातीचं, तिथे हाक लगेच विरते. अजिंठ्याच्या 26 नंबरच्या चैत्यगृहात तीच हाक रेंगाळते. मोठ्या दगडी चर्चमध्ये तर ती काही सेकंद टिकते.

अशा जागेत भराभर ताना घेतल्या तर नुसता गोंधळ होईल. तिथे संथ, लांब आणि एकावर एक रचलेले सूर शोभतात. म्हणजे गाणं कसं गायचं, हे थोडंफार ती जागाच ठरवते.

गिटारची अडचण बरोबर उलटी. तार छेडली की सूर लगेच विरायला लागतो. ऑर्गनसारखा तो धरून ठेवता येत नाही. यावर स्पॅनिश वादकांची जुनी युक्ती आहे. लागोपाठचे सूर एकाच तारेवर घ्यायचे नाहीत, वेगवेगळ्या तारांवर वाटून द्यायचे. मागची तार वाजत असतानाच पुढची बोलू लागते. गास्पार सान्झ यांच्या 1674च्या गिटारच्या पुस्तकातल्या रचनांतही ही पद्धत दिसते. तिचं नाव ‘कंपानेला’, म्हणजे छोटी घंटा. हातातल्या वाद्यातच छोटंसं चर्च तयार करायचं, असं म्हणा ना!

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे आगुस्तीन बॅरिओस यांची ‘ला कातेद्राल’ ही रचना. 1921 मध्ये तिचे दोन भाग झाले, आणि 1938 मध्ये सुरुवातीला एक प्रस्तावना जोडली गेली. प्रस्तावनेत वरचे सूर लांबून येणाऱ्या घंटांसारखे वाजत राहतात. मधल्या भागात भरदार, संथ स्वरसमूह येतात, जणू आत कुणी ऑर्गनवर बाख वाजवतंय. शेवटचा भाग एकदम धावरा. प्रार्थना संपवून माणूस पुन्हा रस्त्यावरच्या गर्दीत आला, असा त्याचा अर्थ बरेच वादक लावतात.

बॅरिओस जन्मले पॅराग्वेच्या मिसिओनेस प्रांतात. हे नावच जेझुइट मिशनांवरून पडलंय. 1609 पासून तिथे मिशनच्या वसाहती उभ्या राहिल्या. ग्वारानी लोक त्यांत गायला, वाजवायला आणि वाद्यं बनवायलाही शिकले. 1767 मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली, वसाहती ओस पडत गेल्या. त्रिनिदादच्या अवशेषांत वाद्यं वाजवणारे दगडी देवदूत मात्र आजही दिसतात.

आता आपल्या शेजारी या. गोव्यातल्या सासष्टीतही जेझुइट होते आणि 1759 मध्ये त्यांनाही जावं लागलं. पण देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. थॉमस स्टीफन्स या जेझुइटाने 1616 मध्ये छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ मराठीत आहे, तेही ओवीत. ओवी म्हणजे काय हे असोद्याच्या बहिणाबाई वाचलेल्या आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

जेझुइट गेले तरी गावोगावच्या चर्चच्या शाळा राहिल्या. तिथले संगीतशिक्षक म्हणजे ‘मेस्त्रे’. (आपल्या बांधकामावरचा ‘मिस्त्री’ हा याच पोर्तुगीज शब्दाचा भाऊ!) ते पोरांना स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन वाजवायला आणि दोन-तीन आवाजांत मिळून गायला शिकवत. चर्चमध्ये पडलेली ही सवय 19व्या शतकात घरच्या दिवाणखान्यात आली आणि मांडो बहरला. मांडोचा विषय प्रार्थनेचा नसतो. तो बहुतेक वेळा प्रेमाचा आणि विरहाचा असतो. पण दोन आवाज ठरावीक अंतर राखून जोडीने चालतात, ते वळण चर्चच्या गायनाचं. साथीला व्हायोलिन, पुढे गिटारही, आणि सोबत मातीचं घुमट.

तिथून पुढची पायरी मुंबईची. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या मेस्त्रेंचा मुलगा अँथनी गोन्साल्विस हिंदी सिनेमासंगीतात व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक झाला. प्यारेलाल त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’मधलं (1977) ते नाव या गुरूचं आहे, हे किती जणांना माहीत असतं? गाणं आपल्या वरातींत वाजतं, माणूस मात्र ठाऊक नाही. त्यांच्यासारख्या कितीतरी गोवेकरांनी गाण्यांचा वाद्यमेळ रचला आणि वाजवला, पण पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं बहुधा आलीच नाहीत.

माझ्या संशोधनाचा मुद्दा इथेच आहे. चर्चवरून सुचलेल्या संगीताकडे आपण एकतर इमारतीचं चित्र म्हणून बघतो, नाहीतर ‘मिशनऱ्यांनी आणलेलं परकं’ म्हणून बाजूला ठेवतो. दोन्हींत ऐकणारी माणसं निसटतात. निनादात कान तयार झालेले ग्वारानी वादक, सासष्टीतले मेस्त्रे आणि त्यांचे विद्यार्थी, यांनी ती शिस्त बाहेर आणून आपल्या भाषेला आणि वाद्यांना जोडली. त्यांची नावं वगळली तर इतिहास म्हणून उरतात नुसत्या भिंती.

एक प्रयोग करून बघा. ‘ला कातेद्राल’ इअरफोन लावून ऐका आणि फक्त एवढंच मोजा: नवा सूर आला तेव्हा मागचे किती सूर अजून वाजतायत? मग एखादा मांडो ऐका आणि दुसऱ्या आवाजाच्या मागे जा. काय ऐकू आलं ते मला जरूर कळवा.