आईची नोकरी आणि घरचे घड्याळ

‘नोकरी करणारी आई’ असे म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे खांद्याला पिशवी अडकवून सकाळी लगबगीने जिना उतरणारी, कचेरीत हिशेब वा पत्रव्यवहार सांभाळणारी एक सुशिक्षित स्त्री उभी राहते. तिच्याबरोबरच असाही एक समज उभा राहतो की, ही आई अगदी अलीकडची आहे. पूर्वीच्या आया घरात असत आणि म्हणून घरे सुखी असत. आजच्या विषयाकडे वळण्यापूर्वी हा समज तपासून पाहणे जरूर आहे.

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग एवढाच मुलूख डोळ्यांपुढे घेऊ. ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीनजीक पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले, तेव्हा त्या स्वतः विधवा होत्या व एका लहान मुलीच्या आई होत्या. गावदेवीस १९०८ साली सेवासदन निघाले, ते स्त्रियांना शिक्षण व उपजीविकेचे साधन मिळवून देण्यासाठीच. ही झाली मध्यमवर्गाची गोष्ट. परळ-लालबागच्या गिरण्यांत तर १९२० नंतरच्या दशकात कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या व त्याच्या लडी करण्याच्या खात्यांत त्या मुख्यत्वे असत. त्यांपैकी कित्येकींची मुले अंगावर पिणारी होती. दिवसभर मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल या वस्तीत होती आणि १९२०च्या आसपास सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्सबाईंनी गिरणीतल्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ती चाल सरकारदप्तरी नमूद झाली. त्या मातांना निर्दय म्हणणे सोपे आहे. परंतु मूल कोणापाशी ठेवावे, या प्रश्नाला त्यांच्या भोवतालच्या जगाने दुसरे उत्तर दिलेले नव्हते, हे आपण विसरता कामा नये.

तेव्हा आईने नोकरी करावी की करू नये, हा वाद या शहरापुरता केव्हाच निकालात निघाला आहे. उरतो तो प्रश्न निराळा आणि अधिक व्यवहारी आहे. आई कामावर असताना घरचे घड्याळ कोण चालविते? आणि त्या घड्याळापायी तिला आपल्या आयुष्यात कोणकोणते फेरबदल करावे लागतात?

संसारात पैशाची ओढाताण झाली तर ती चारचौघांना दिसते. वेळेची ओढाताण दिसत नाही. नोकरी करणाऱ्या आईला पहिलीपेक्षा दुसरीच अधिक जाचते. कचेरीचे आठ तास, जाण्यायेण्याचे दोन, झोपेचे सहा-सात एवढे वजा घातले, तर उरलेल्या सात-आठ तासांत स्वयंपाक, डबे, धुणी, मुलांचा अभ्यास, दुखणीबाणी, पै-पाहुणा हे सारे बसवावयाचे असते. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर एक पाहणी केली. लोक दिवसाचा वेळ कसा घालवितात, हे तीत मोजले होते. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, जात असल्याचे आढळले. पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा होता आणि तोही, जे पुरुष काही ना काही घरकाम करीत होते, त्यांच्यापुरता. असे पुरुष शंभरांत सव्वीसच भरले. हा आकडा कोणाला दोष देण्यासाठी मी सांगत नाही. आईचे वेळापत्रक इतके ताणलेले का असते, याचा उलगडा त्यातून होतो, एवढ्यासाठीच सांगितला.

मग हा हिशेब जुळतो तरी कसा? कोणीतरी आपला वेळ तिला देते, म्हणून जुळतो. गिरगावातील वाड्यांत आणि लालबागच्या चाळींत हा वेळ पूर्वी गॅलरी देत असे. खोल्यांपुढून जाणारी ती लांबलचक सामाईक गॅलरी म्हणजे फुकटचे पाळणाघरच! शेजारची आजी धान्य निवडीत दारात बसली म्हणजे चार बिऱ्हाडांची मुले तिच्या नजरेखाली खेळत. हल्ली चाळी पाडून तेथे मनोरे उभे राहात आहेत. त्यांत स्वतंत्र न्हाणीघर मिळते, पाणी चोवीस तास येते, आणि ही सोय क्षुल्लक नव्हे. परंतु दार लागते आणि गॅलरी जाते. जी देखरेख न मागता मिळत होती, ती आता दरमहा पैसे मोजून पाळणाघरातून घ्यावी लागते.

असेच स्वयंपाकाचे झाले. दादर स्थानकाबाहेर सायंकाळी निवडलेली मेथी, सोललेले मटार, चिरलेली फरसबी पिशव्यांत भरून विकावयास बसलेल्या बाया आपण पाहिल्या असतील. जागोजाग पोळी-भाजी केंद्रे निघाली आहेत. हे सारे विकणाऱ्या बहुतेक स्त्रियाच, आणि त्यांतल्या पुष्कळजणी स्वतः आयाच! मेथीची जुडी निवडण्याची जी पंधरा मिनिटे कचेरीतून येणाऱ्या आईची वाचतात, तीच विकून दुसरी आई आपल्या मुलाच्या शाळेचे पैसे उभे करते. एका आईचा वाचलेला तास हा दुसऱ्या आईच्या कमाईचा तास असतो, हे भाजीचा भाव करताना ध्यानात राहिले तर बरे.

हा व्यवहार या भागात जुना आहे. कोकणातून आणि घाटावरून एकटे येणारे गिरणी कामगार पाळीचा भोंगा होण्यापूर्वी आणि पाळी सुटल्यावर जेवीत, ते एखाद्या बाईच्या खाणावळीत. खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे. तिच्या स्वतःच्या खोलीतच पंगत बसे. महिन्याचे पैसे महिनाअखेरीस मिळत आणि वाण्याची उधारी मात्र रोज वाढे. या खाणावळवाल्यांना संघटित करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून द्यावे, या हेतूने प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापिले. बाई रांधते ते घरकाम नसून धंदा आहे, असे बँकेच्या वहीत प्रथम लिहिले गेले, याचे मोल कर्जाच्या रकमेहून मोठे होते.

गिरगावात त्यापूर्वी, १५ मार्च १९५९ रोजी, सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. तोच पुढे ‘लिज्जत’ पापडाचा गृहउद्योग झाला. त्यातील खरी युक्ती पापडाच्या चवीइतकीच कामाच्या मांडणीत होती. सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ घ्यावयाचे, घरी सवडीने लाटावयाचे, दुसऱ्या दिवशी पापड देऊन मजुरी घ्यावयाची. मूल पाळण्यात आणि पोळपाट समोर! आईला घड्याळाच्या मागे धावावयास न लावता काम तिच्या घड्याळात बसविले, म्हणूनच हजारो स्त्रियांना ते पेलले.

एवढे कष्ट सांगितल्यावर, या आईच्या वाट्याला सुख येते की नाही, असे कोणी विचारील. येते, पण ते मोकळ्या दुपारीचे सुख नव्हे. दोन कामांच्या फटीत सापडेल तेवढे ते घ्यावे लागते. आगगाडीचा बायकांचा डबाच पाहा. चाळीतील बिऱ्हाड मोडून डोंबिवली किंवा विरार गाठलेल्या कुटुंबांतील सुना-लेकी याच डब्यातून दादरला नि चर्चगेटला कामावर येतात. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी पहिली गाडी सुटली. डब्यात भाजी निवडली जाते, भिशी लागते, मकरसंक्रांतीला हळदीकुंकू होते, दसऱ्याला डबा फुलांनी सजतो. घरी ती कोणाची आई, कचेरीत कोणाच्या हाताखालची. त्या तासाभरात मात्र ती कोणाची कोणी नसते. पुष्कळजणी नोकरी सुटल्यावर नोकरीपेक्षा गाडीतल्या मैत्रिणींच्याच आठवणीने हळहळतात, यात नवल ते काय?

दादरला उतरल्यावर फुलबाजारातून घेतलेला मोगऱ्याचा गजरा, गरम वडापाव, वाचनालयातून बदलून आणलेले पुस्तक, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून काढलेली दहा मिनिटे, वर्षातून दोनदा शिवाजी मंदिरात पाहिलेले नाटक, ही तिची चैन. वडापाव दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर १९६६च्या सुमारास जन्मला असे सांगतात. एका हाताने, उभ्याउभ्या, चालता चालता खाता येणारे हे खाणे ज्याला वेळ नाही त्याच्यासाठीच निपजले आहे. उन्हाळ्यात लालबागच्या मसाला गल्लीत जाऊन पहावे. एरवी तयार पोळ्या घेणारी बाई तेथे रजा काढून येते, मिरची पारखून घेते, धणे, लवंग, दगडफूल आपल्या सासूने वा आईने सांगितलेल्या प्रमाणात तोलून घेते आणि समोर उभी राहून मसाला कांडून घेते. हे तिला कष्ट वाटत नाहीत, कारण ते तिने स्वतः होऊन निवडलेले असतात. सुख आणि कष्ट यांतील सीमारेषा बहुधा एवढीच असते.

आता नोकरी बदलण्याविषयी. पुरुषाने नोकरी बदलली म्हणजे पगार वाढला काय, हुद्दा वाढला काय, असे आपण विचारतो. आईने बदलली तर पहिला प्रश्न असतो, ‘आता किती वाजता घरी येतेस?’ तिचे बदल बढतीच्या शिडीने कमी आणि मुलांच्या वयाने अधिक ठरतात. मूल तान्हे असता ती लांबची कचेरी सोडून जवळची शाळा धरते. पगार कमी होतो, पण दुपारी घरी येता येते. मूल दहावी-बारावीला गेले की रजा साचवून ठेवते. मुले आपापल्या मार्गाला लागली म्हणजे चाळिशी-पंचेचाळिशीत एखादा अभ्यासक्रम पुरा करून नवे काम सुरू करते. बाहेरून पाहणाराला ही धरसोड वाटते. आतून पाहिले तर प्रत्येक वळणावर एक नीट केलेला हिशेब आढळतो.

कित्येकदा परिस्थितीच हा बदल लादते. कांदेवाडीच्या सुखवस्तू घरात वाढलेल्या दुर्गाबाई खोटे या दोन लहान मुलांच्या आई असताना घरची स्थिती पालटली. त्यांनी प्रथम शिकवण्या केल्या आणि १९३१ साली, प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया ज्या धंद्याचे नावही घेत नसत, त्या बोलपटात पाऊल टाकले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला. पुढे त्या रंगभूमीवर आल्या, उतारवयात त्यांनी स्वतः निर्मिती केली आणि १९८३ साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. शिकवणी, अभिनय, निर्मिती, अशी एकाच आयुष्यात तीन कामे त्यांनी केली.

गिरणगावात तर हे एका घरावर नव्हे, अवघ्या वस्तीवर कोसळले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांपैकी हजारोंना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. तोवर गिरण्यांतून स्त्रिया मोठ्या प्रमाणात बाहेर पडलेल्याच होत्या. नवी यंत्रे आली होती, आणि रात्रपाळीस स्त्रियांना कायद्याने मज्जाव होता. नवऱ्याचा पगार थांबला तेव्हा डबे करणे, भाजी विकणे, शिवण, धुणीभांडी, इस्पितळातील आयाचे काम, जे मिळेल ते या बायांनी धरले. इतिहासाच्या पुस्तकांत तो संप पुढाऱ्यांच्या आणि गिरण्यांच्या नावाने लिहिला जातो. घराघरांतून मात्र तो आयांनी निभावून नेला. आज त्याच गिरण्यांच्या जागी उभ्या असलेल्या कचेऱ्यांत त्यांच्या नाती कामाला जात असतील, तर मधला पूल त्यांनी बांधलेला आहे.

कायद्याने या आईला काही दिले नाही असे नाही. मुंबई इलाख्यात १९२९ साली देशातील पहिला प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला. त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली कायदेमंडळात पाठिंबा दिला होता. मातेला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचेच हित आहे, ही त्यामागील दृष्टी होती. १९६१च्या कायद्याने बारा आठवड्यांची भरपगारी रजा दिली, २०१७च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांपुरती सव्वीस आठवड्यांवर नेली आणि पन्नास वा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद केली. परंतु घरी विकतच्या पिठाचे पापड लाटणारीला, भाजी विकणारीला, मोलकरणीला ही भरपगारी रजा देणार कोण? जिचा वेळ विकत घेऊन आपली घरे चालतात, तिच्यापर्यंत ही रजा पोहोचत नाही. आणि सव्वीस आठवडे संपल्यावर पुढची पंधरा वर्षे कोणत्याच कायद्यात बसत नाहीत. ती घरातच बसवावी लागतात.

म्हणून शेवटी एक साधी सूचना. आपल्याकडे पैशाचा जमाखर्च लिहिण्याची चांगली सवय आहे. एक आठवडाभर घरात तासांचा जमाखर्च लिहून पाहावा. घरातील प्रत्येकाचे नाव लिहावे, शाळकरी मुलांचेही; आणि घरी काम करावयास येणाऱ्या बाईचेही लिहावे. कोणाचे किती तास कोणत्या कामी लागले, हे कागदावर उतरले म्हणजे वादाला फारशी जागा राहात नाही. त्या वहीत आईच्या नावापुढे ‘स्वतःसाठी’ असे एक घर आखावे, आणि ते कोरे राहिले, तर कोणत्या कामाची अदलाबदल करून ते भरता येईल, याचा विचार सर्वांनी मिळून करावा. गजरा तिचा तिला घेता येतो. तो माळून दहा मिनिटे कट्ट्यावर बसण्याची सवड मात्र घरानेच तिला द्यावी लागते.