शिक्षा कोणाला: खेळणाऱ्याला की अड्डेवाल्याला?

जुगाराला गुन्हा ठरवावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता नीतीचा वाटतो. प्रत्यक्षात तो राज्यसंस्थेच्या अधिकारमर्यादेचा आहे. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने 1859 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, सज्ञान व्यक्तीच्या वर्तनाने इतरांना अपाय होत असेल तरच समाजाने तिच्यावर सक्ती करावी. या भूमिकेला ‘अपाय-तत्त्व’ म्हणतात, तर नागरिकाचे हित त्याच्या इच्छेविरुद्धही साधू पाहणाऱ्या धोरणाला ‘पालकवाद’ म्हणतात. जुगारापाशी मात्र मिललाही थबकावे लागले: खेळणाऱ्याला मोकळीक असावी हे त्याला मान्य होते, पण ज्याची कमाईच इतरांच्या नादावर चालते त्या अड्डेवाल्यालाही ती असावी काय, याचा ठाम निवाडा त्याने केला नाही.

महाराष्ट्रात आजही लागू असलेल्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात अड्डा चालवणे हा गुन्हा आहे आणि अड्ड्यावर खेळताना सापडणे हाही गुन्हाच आहे. त्यामुळे छापा पडला की पत्ते, रोकड आणि मोबाइल यांचा पंचनामा होतो आणि खेळणाऱ्यांची नावेही आरोपींच्या यादीत चढतात. तथापि बंदीने खेळ थांबतोच असे नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर आकडे लावण्यापासून सुरू झालेला मुंबईचा धंदा, तो आधार सुटल्यावरही मटक्याच्या रूपाने चालूच राहिला. शिवाय कायद्याबाहेरच्या व्यवहारातील तंटा न्यायालयात नेता येत नसल्याने वसुलीसाठी दमदाटी आणि अभयासाठी हप्ता यांना वाव मिळतो, म्हणजे अपाय रोखण्यासाठी घातलेली बंदी स्वतःच नवे अपाय निर्माण करते. याउलट ब्रिटनने 1960 च्या कायद्याने पैजेच्या परवानाधारक दुकानांना वाट करून दिली आणि 2005 च्या कायद्यात गुन्हेगारीला आळा, खेळातील सचोटी आणि मुले व दुर्बळ व्यक्तींचे संरक्षण ही उद्दिष्टे ठेवली.

यापुढचा प्रश्न समन्यायाचा आहे. जुगार हा व्यापार नव्हे, म्हणून त्याला व्यवसायस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये चमारबागवाला खटल्यात दिला. तरीही महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून चालत आली, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावता येतात आणि गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी असतात, जेथे स्थानिक गोमंतकीयांना मात्र खेळण्यास मनाई आहे. जुगार मुळातच अनैतिक असेल, तर शासनाने लॉटरीची तिकिटे विकणे समर्थनीय ठरत नाही. तो निव्वळ करमणूक असेल, तर मटक्याचा आकडा लावणाऱ्या हमालाला आरोपी करणे समर्थनीय ठरत नाही.

संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली आणि ते पुरवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कारावास व 1 कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. खेळणाऱ्याला मात्र शिक्षेतून वगळले. सरसकट बंदीमागे पालकवाद असला, तरी मिलने अनिर्णित ठेवलेल्या प्रश्नाचे हे एक स्पष्ट उत्तर आहे. मोबाइलवर खेळणाऱ्याला पीडित आणि पत्त्यांच्या डावावर बसलेल्याला आरोपी मानणारी दुहेरी व्यवस्था कोणत्याच तत्त्वावर टिकत नाही. म्हणून 1887 च्या कायद्यातील खेळणाऱ्याची शिक्षा रद्द करणे हेच न्यायाला धरून होईल.