परिचर्येतील लैंगिकता व लिंगभावजागृती

रुग्णाच्या लैंगिक जीवनाशी व लिंगभावाशी निगडित गरजा ओळखून शुश्रूषेत त्यांची शास्त्रशुद्ध दखल घेण्याचा विचार. ‘लिंग’ ही संज्ञा शरीररचनेची वाचक आहे. ‘लिंगभाव’ या संज्ञेने समाजाने स्त्री-पुरुषांना नेमून दिलेल्या भूमिका व व्यक्तीची स्वतःविषयीची जाणीव सूचित होते. ‘लैंगिकता’ ही संज्ञा त्याहून व्यापक असून तीत कामेच्छा, देहप्रतिमा, जवळीक व प्रजनन यांचा समावेश होतो.

स्नान घालणे, मूत्रनलिका बसविणे, प्रसूतीस साहाय्य करणे यांसारख्या कामांत परिचारिकेचा रुग्णाच्या देहाशी वैद्यापेक्षाही निकटचा व दीर्घकालीन संबंध येतो. तथापि लैंगिक बाबींविषयी मौन पाळणे हाच सभ्यपणा, अशी समजूत रूढ असल्याने हा विषय परिचर्याशिक्षणात दीर्घकाळ उपेक्षित राहिला. महाराष्ट्रात या मौनाला सामाजिक पार्श्वभूमीही आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाद्वारे रमाबाई रानडे यांनी विधवा व गरजू स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले, तेव्हा परपुरुषाच्या देहाची शुश्रूषा करणे कुलीन स्त्रीला अनुचित मानले जात असे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले व १९२७ पासून समाजस्वास्थ्य हे मासिक चालविले. त्यांना अश्लीलतेच्या आरोपाखाली खटल्यांना तोंड द्यावे लागले.

या मौनाचे परिणाम थेट आरोग्यावर होतात. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग असल्याचे व दर स्त्रीमागे अशा विकारांची सरासरी ३.६ असल्याचे तीत आढळले. पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. स्त्री आपण होऊन दुखणे सांगत नाही, म्हणून ते नाही असे मानणे किती चुकीचे आहे, हे यावरून दिसून येते. ग्रामीण भागात साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेने एकांतात, साध्या शब्दांत विचारलेला प्रश्न म्हणूनच निदानाची पहिली पायरी ठरतो.

मधुमेह, मेरुरज्जूची इजा, अष्ठीला ग्रंथीवरील शस्त्रक्रिया, स्तनोच्छेदन आणि रक्तदाबावरील काही औषधे यांमुळे लैंगिक जीवन बाधित होऊ शकते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर समागम धोक्याचा आहे काय, ही शंका अनेक दांपत्यांच्या मनात असते. पण ती क्वचितच उच्चारली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या अहवालात आरोग्यसेवकांना या विषयाचे शिक्षण देण्याची शिफारस केली. जॅक ॲनन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत परिचर्येत उपयुक्त ठरली आहे : रुग्णाला बोलण्याची मोकळीक देणे, मर्यादित माहिती पुरविणे, विशिष्ट सूचना करणे व आवश्यक तेथे तज्ञाकडे पाठविणे. पहिल्या दोन पायऱ्या प्रत्येक परिचारिकेच्या आवाक्यातील आहेत.

लिंगभावाचा प्रश्न परिचारिकेच्या स्वतःच्या सुरक्षिततेशीही निगडित आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील एका सफाई कामगाराने लैंगिक अत्याचार करून प्राणघातक हल्ला केला. आरोपीला जबरी चोरी व खुनाचा प्रयत्न यांसाठी शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप मात्र खटल्यात नव्हता. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सु. ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ मध्ये संमत झाला.

अत्याचारग्रस्त स्त्रीची तपासणी करताना संमती, एकांत व गोपनीयता जपणे हे परिचारिकेचे कर्तव्य होय. अशा स्त्रियांच्या तपासणीतील ‘दोन बोटांची चाचणी’ अशास्त्रीय व अवमानकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. पारलिंगी व्यक्तींना आपला लिंगभाव स्वतः ठरविण्याचा अधिकार २०१४ मध्ये मान्य झाला. त्यांना कोणत्या कक्षात ठेवावे व कोणत्या नावाने संबोधावे, हे रुग्णाला विचारूनच ठरविणे इष्ट असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित पदवी अभ्यासक्रमात लैंगिक विकास, लैंगिक कल व रुग्णाच्या अनुचित लैंगिक वर्तनास द्यावयाचा प्रतिसाद हे विषय अंतर्भूत आहेत. तथापि केवळ पाठ्यविषय नेमून हेतू साध्य होत नाही. स्वतःच्या संकोचाचे व पूर्वग्रहांचे परीक्षण करण्याची आणि रुग्णाशी या विषयावर निःसंकोचपणे बोलण्याची सवय प्रत्यक्ष रुग्णकक्षात, अनुभवी शिक्षिकेच्या देखरेखीखाली लागणे आवश्यक असते.