त्या एप्रिलात ज्यांनी भाव विचारला नाही

मिरचीचा हंगाम लागला की कुही-मांढळच्या बाजूला सातरे सुरू होतात. ढिगाभोवती बाया देठ खुडायला बसतात आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही ठसका लागतो. या धंद्याची माहिती घ्यावी म्हणून गेल्या हंगामात आम्ही कुहीला गेलो होतो. आणायची होती मिरचीची बातमी, पण हाती आली ती वेगळीच. व्यापाराच्या पानावर ती का देत आहोत, हे वाचकांच्या पुढे लक्षात येईल.

बाजारातल्या एका किराणा दुकानात आम्ही बसलो होतो. दुकानदार साठीच्या पुढचे. हिंदू-मुसलमान सगळेच गिऱ्हाईक त्यांना चाचा म्हणते. सातऱ्यावरची मजुरी कधी हाती पडते, तोवर उधारी कशी चालते, असे आम्ही विचारीत होतो. त्यांनी समजावून सांगण्यासाठी फळीवरच्या जुन्या वह्या खाली काढल्या. त्यांत २०२१ सालची वही होती. एप्रिल आणि मे महिन्याच्या पानांवर काही नावांवरून आडवी रेघ ओढलेली दिसली. नावे बाकी, जमेला काही नाही, आणि रेघ.

ही रक्कम वसूल झाली काय, असे आम्ही विचारले.

"वसूल कोणापासून करू जी? मानूसच गेला. तेरवी व्हायच्या आधी त्याच्या घरी पैसे मागाले जाऊ का?"

एकूण किती बुडाले?

"ते मी जोडलंच नाही. जोडलं असतं तं रोज नजरेसमोर आलं असतं."

दुकान लहान, भांडवल त्याहून लहान. अशा दुकानदाराला चार पाने उधारी सोडणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्या वहीने आम्हाला पुन्हा त्या दिवसांत नेले.

कुहीपासून नागपूर चाळीस किलोमीटरच्या आसपास. एरवी हे अंतर काहीच नाही. एप्रिल २०२१ मध्ये मात्र ज्या घरातल्या माणसाला धाप लागली, त्या घराला ते फार लांब वाटले असेल. नागपूर जिल्ह्यात दिवसाला सात हजारांवर नवे रुग्ण सापडत होते. मेडिकल आणि मेयो ही दोन्ही मोठी सरकारी रुग्णालये भरली होती. खाट मिळाली तरी ऑक्सिजन मिळेल याचा भरवसा नव्हता.

ऑक्सिजन हाही एक माल आहे, तेव्हा त्याचा हिशेब आधी पाहू. गॅस वेल्डिंग करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांच्या तो चांगल्या परिचयाचा आहे. मोठ्या जंबो सिलिंडरात सुमारे सात हजार लिटर वायू मावतो. रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर सिलिंडर बारा तासही पुरत नाही. त्या साथीत तर कित्येकांना याहून अधिक लागत होता. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून उणे १८३ अंशांपर्यंत थंड केला की तो पाण्यासारखा पातळ होतो, आणि एक टन द्रवरूप ऑक्सिजनमधून शंभराच्या आसपास जंबो सिलिंडर भरतात. हा माल मुख्यतः पोलाद कारखान्यांच्या बाजूला तयार होतो. नागपूरला जवळचे मोठे ठिकाण म्हणजे भिलाई. देशात ऑक्सिजन बनत होता, पण तो पूर्वेकडच्या कारखान्यांत होता आणि माणसे तडफडत होती महाराष्ट्रात आणि दिल्लीत. मधल्या रस्त्यावर चालतील असे टँकर पुरेसे नव्हते. थर्मासच्या बाटलीसारखा दुहेरी भिंतीचा क्रायोजेनिक टँकर एका रात्रीत बांधून होत नाही, आणि तो चालवणारा माणूसही साध्या ट्रकवरून उचलून बसवता येत नाही.

२२ एप्रिलपासून, काही मोजके उद्योग वगळता, कारखान्यांना ऑक्सिजन देणे सरकारने बंद केले. त्यामुळे फॅब्रिकेशनच्या किती छोट्या शेडमधले काम थांबले असेल! त्या कारागिरांची नोंद कुठेच नाही. रेल्वेनेही हात दिला. १९ एप्रिलला सात रिकामे टँकर कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाले. भरून परतताना २३ तारखेला तीन टँकर नागपुरात उतरले आणि बाकीचे चार नाशिककडे गेले. त्याच नाशिकमध्ये दोन दिवस आधी, २१ एप्रिलला, डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयाच्या टाकीला गळती लागून ऑक्सिजनचा दाब कमी झाला होता आणि बावीस रुग्ण गेले होते. काही मिनिटांचा खंड म्हणजे काय, हे त्या दिवशी साऱ्या राज्याला कळले.

अशा वेळी भाव कुठे जातो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. माल थोडा, गरज अमर्याद, आणि गिऱ्हाईक घासाघीस करण्याच्या स्थितीत नाही. रेमडेसिविरच्या कुप्या काळ्या बाजारात गेल्या, सिलिंडर दडवले गेले, अँब्युलन्सवाल्यांनी तोंडाला येईल ते भाडे मागितले. हे करणारे सगळे परके होते असे आम्ही म्हणणार नाही. व्यापारी वर्गातलेच होते, सर्व जातिधर्मांचे होते. जो नफा घेणे त्या महिन्यात सर्वांत सोपे होते, तो ज्यांनी घेतला नाही, उलट पदरचे घातले, त्यांचे मोल म्हणूनच आम्हाला अधिक वाटते.

नागपूरचे प्यारे खान यांचे नाव त्या महिन्यात देशभर गेले. ताजबागच्या झोपडपट्टीत वाढलेला हा माणूस. आई किराण्याचे छोटे दुकान चालवी. त्यांनी स्वतः रेल्वे स्टेशनबाहेर संत्री विकली, पुढे ऑटोरिक्षा चालवली. २००४ मध्ये बँकेकडून अकरा लाखांचे कर्ज मिळवून पहिला ट्रक घेतला. सतरा वर्षांनी त्यांच्या कंपनीकडे सुमारे तीनशे गाड्या होत्या. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी वाहतुकीतली आपली सगळी ओळखपाळख टँकर मिळवण्याच्या कामी लावली. बंगळुरूहून दोन क्रायोजेनिक टँकर नेहमीच्या तिप्पट भाड्याने आणले. तिप्पट भाडे ऐकून कोणताही ट्रान्सपोर्टर फोन ठेवून देईल, कारण त्या दराने माल परवडत नाही. खान यांनी परवडते की नाही हा हिशेबच बाजूला ठेवला. सुमारे चारशे टन ऑक्सिजन नागपूर आणि आसपासच्या रुग्णालयांत पोहोचवला गेला आणि पदरचे सुमारे ८५ लाख रुपये खर्च झाले, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आले. वर दिलेल्या हिशेबाने चारशे टन म्हणजे चाळीस हजारांच्या घरात सिलिंडर. प्रशासन पैसे चुकते करायला तयार होते. रमजान १४ एप्रिलला सुरू झाला होता. ही माझी जकात समजा, असे सांगून खान यांनी पैसे घेतले नाहीत. पुढे २०२४ मध्ये राज्य अल्पसंख्याक आयोगाच्या अध्यक्षपदी त्यांची नेमणूक झाली.

प्यारे खान यांचे नाव राहिले याचा आनंदच आहे. पण स्टीअरिंगवर जे बसले होते, त्यांचे काय? भिलाईचा टँकर भरला की ड्रायव्हरने गाडीतच खायचे, गाडीतच आळीपाळीने झोपायचे. ढाबे बंद, पंक्चरवाले बंद. टँकरमधला माल असा की वेगाने हाकता येत नाही आणि थांबूनही चालत नाही. उतरवायचे कुठे, तर ज्या दारातून प्रेते बाहेर निघत आहेत त्याच रुग्णालयाच्या आवारात. घरी गेले तर बायको-मुलांना आजार द्यायचा, म्हणून घरीही जायचे नाही. डॉक्टर, परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी सरकारने पन्नास लाखांचा विमा काढला होता. त्यात टँकरवाला बसत नव्हता. ड्रायव्हर कमी पडू लागले तेव्हा, मे २०२१ मध्ये, केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याने राज्यांना कळवले की असे टँकर चालवणारे पाचशे प्रशिक्षित ड्रायव्हर तातडीने उभे करा आणि त्यांना लस आधी द्या. म्हणजे तोवरचे सगळे दिवस ही माणसे लसीवाचून, विम्यावाचून चालतच होती. ट्रान्सपोर्टमधल्या आमच्या वाचकांना विचारावेसे वाटते, त्या महिन्यातल्या खेपांची चलने तुमच्या कार्यालयात अजून असतील, त्यांवर ड्रायव्हरची नावे आहेत. ती एका कागदावर उतरवून ठेवायला किती वेळ लागेल?

मालाडचे शाहनवाज शेख यांचेही नाव येथे घेतले पाहिजे. ओळखीतल्या एका महिलेचा ऑक्सिजनअभावी रिक्षातच जीव गेला, तेव्हा २०२० मध्ये त्यांनी आपली मोठी गाडी विकली, आलेल्या पैशांतून १६० सिलिंडर घेतले आणि गरजूंना फुकट देणे सुरू केले. आणि यवतमाळ. तिथे नगर परिषदेच्या वतीने आपल्याच समाजातल्या चार जणांनी कोरोनाने गेलेल्या शेकडो हिंदू बांधवांना अग्नी दिला. घरचे लोक लांब उभे होते, काही ठिकाणी तर आलेच नाहीत. चिता रचणे आपल्या लोकांना कोठून येणार? त्यांनी ते विचारून शिकून घेतले. चौघेही साधी, कष्टकरी माणसे.

हे सारे कोणत्या हवेत चालले होते, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र अर्धेच राहील. आदल्याच वर्षी, २४ मार्च २०२० च्या रात्री, चार तासांच्या सूचनेवर देश बंद झाला. आठवडाभरात दिल्लीच्या तबलिगी मरकजची बातमी आली आणि साथ जणू एकाच समाजाने आणली असे बोलले जाऊ लागले. भाजीची हातगाडी ढकलणाऱ्याला आधी नाव विचारायचे आणि मग भाजी घ्यायची की नाही ते ठरवायचे, असे प्रकार अनेक गावांत झाले. ज्याचे रोजचे पोट त्या गाडीवर आहे त्याने काय करावे? मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि संकटकाळात बळीचा बकरा शोधला जातो, तसे या लोकांच्या बाबतीत झालेले दिसते, असे स्पष्ट म्हटले. निकाल आला, पण त्या पाच महिन्यांत ज्याचे गिऱ्हाईक तुटले ते निकालाने परत आले नाही.

चित्राची दुसरी बाजूही नागपूरनेच दाखवली. मे २०२० च्या उन्हात हैदराबादकडून, मुंबईकडून हजारो मजूर पायी निघाले होते. नागपूरच्या बाहेरील पांजरी टोलनाक्यावर सर्व थरांतल्या नागरिकांनी त्यांच्यासाठी जेवण, पाणी, चपला आणि पुढच्या प्रवासासाठी गाड्या उभ्या केल्या. त्या रांगेत कोणी कोणाला नाव विचारले नाही. रमजानचे रोजे ठेवून दुसऱ्याच्या पानात वाढणारे हात त्यात होते आणि एकादशीचा उपास सोडायला घरी न गेलेलेही असतील.

कुहीत त्या वर्षी काय झाले, असे आम्ही चाचांना विचारले. तालुक्याच्या कितीतरी गावांनी गोसीखुर्द धरणात घरे आणि जमिनी गमावल्या आहेत, त्यामुळे येथील माणसाला उखडले जाणे नवीन नाही. चाचा म्हणाले, टाळेबंदीत सातरे बंद पडले आणि बायांची मजुरी थांबली.

"त्यायले तांदूळ नाही देतो म्हनलं असतं, तं त्या गेल्या कुठं असत्या? दुकान तं माझंच होतं ना इथं."

तुम्हाला माल कोण देत होते?

"नागपूरचा ठोकवाला. तो म्हने, चाचा, पैशाचं मागून पाहू. मारवाडी आहे तो. वीस वरसाचा व्यवहार."

म्हणजे ठोक व्यापाऱ्याने चाचांना सांभाळले आणि चाचांनी सातऱ्यावरच्या बायांना. त्या व्यापाऱ्याला वरून कोणी सांभाळले असेल तर ते आम्हाला माहीत नाही. ही साखळी कोणत्याही शासकीय योजनेत नव्हती. कागद म्हणाल तर चाचांची ती वही, आणि नागपूरच्या त्या पेढीत तशीच एखादी.

दुसऱ्या लाटेत मात्र माल असूनही उपयोग नव्हता. रोज सकाळी दुकान उघडले की कोणाच्या तरी जाण्याची खबर यायची. चाचांनी दुकानावर दोरी बांधली, हातभर लांबून पिशवी द्यायचे. घरात सून बाळंतीण होती, म्हणून दीड महिना ते दुकानातल्या पोत्यांवरच झोपले. हे त्यांनी सांगितले नाही, शेजारच्या चहावाल्याने सांगितले. तेव्हा चाचा त्याच्यावर चिडले.

वही मिटता मिटता आमची नजर एका पानावर गेली. त्यावरही एप्रिल २०२१ चीच तारीख होती, गृहस्थ त्याच महिन्यात गेलेला, पण नावावर रेघ नव्हती. उलट जमेच्या बाजूला बारीक बारीक आकडे होते, २०२२, २०२३, २०२४ या सालांचे.

"यावर रेघ का नाही?"

"त्याचा पोरगा देते. मिरची इकली का दोनशे-चारशे ठेवून जाते. मी नोको म्हनतो, तं आयकत नाही."

किती राहिले आता?

चाचांनी चष्मा कपाळावर घेतला आणि बोटाने जोडू लागले. तेवढ्यात गिऱ्हाईक आले, साखरेचा भाव विचारू लागले आणि वही फळीवर गेली.

मिरचीच्या सातऱ्यांची माहिती पुढील अंकात देत आहोत.