ब्राझीलचा ‘शवपेटीवाला’
चित्रपट दिग्दर्शक जोझे मोझिका मारिन्स (१९३६–२०२०) मूळचे साओ पावलोचे. वडील सिनेमागृह सांभाळत, त्यामुळे बालपण पडद्यासमोरच गेले. काळ्या वेशातला कुणीतरी आपल्यालाच थडग्याकडे फरफटत नेतोय, अशा दुःस्वप्नातून त्यांना देवधर्म न मानणारा, निर्दय ‘झे दू काइशाँव’, म्हणजेच ‘शवपेटीवाला झे’, सुचला. उंच टोपी, काळा झगा, वाढवलेली नखे; दिग्दर्शन आणि भूमिका दोन्ही स्वतःचीच. या पात्राच्या १९६४च्या पहिल्या चित्रपटात हा गडी गुड फ्रायडेची मिरवणूक बघत खिडकीत चवीने मांस खातो! १९६७च्या दुसऱ्या भागात सेन्सॉरने त्याला मरता मरता देव मानायला लावला, शेवट त्यामुळे अगदीच उपरा वाटतो. पुढे लष्करी राजवटीने मारिन्स यांच्या एका चित्रपटावर बंदीच आणली. नंतर पोटासाठी अश्लीलपटही करावे लागले. झेच्या त्रयीचा तिसरा भाग आला थेट २००८ मध्ये.